टाकीवरचा कप

कामाच्या वेळी एखादा माणूस स्वस्थ बसलेला दिसला की तुमच्या पोटात का दुखतं? खरं सांगा. तो तुमच्या मांडीवर बसलेला नसतो, तुमच्या घरचं खात नसतो, तरी तुमच्या कपाळावर आठी येतेच. हा बसलाय कसा? दिवसभर पाना फिरवून ज्याचं मनगट सुजतं त्याने घटकाभर पाठ टेकली तर तो कामचुकार, आणि चाकाच्या खुर्चीत आठ तास बसतो तो साहेब. हा न्याय कुणी लावला ते तुमचं तुम्ही बघा. मी सांगतो ती सेकंदबाईंची गोष्ट. त्यांच्याही पोटात दुखलं होतं. त्या दुखण्यावरचं औषध शोधायला त्यांना साडेतीन वर्षं लागली, आणि एवढी वर्षं ते औषध रोज सकाळी गेटवर त्यांची पर्स तपासत होतं.

सेकंदबाई हे नाव कारखान्यातल्या लोकांनी ठेवलेलं. बाईंच्या गळ्यात मंगळसूत्र नसेल एखाद्या दिवशी, पण स्टॉपवॉच असायचंच. कारखाना बनवायचा फेस मारायचं रसायन. कागदाची गिरणी घ्या, रंगाचा कारखाना घ्या, जिथे काही ढवळायचं तिथे फेस येणार आणि काम अडणार. तिथे या मालाचे दोन थेंब टाकायचे, फेस खाली बसतो. तो किती लवकर बसतो हे बघायला प्रयोगशाळेत एक उंच काचेची नळी होती. नळीत साबणाचं पाणी, खालून हवा सोडायची, फेस गळ्यापर्यंत आला की वरून दोन थेंब आणि घड्याळ सुरू. जेवढे कमी सेकंद तेवढा माल अस्सल. बाईंनी अठरा वर्षं हेच केलं. घरी नवऱ्याला बुटाची नाडी बांधायला एकोणीस सेकंद लागतात हे त्यांना माहीत होतं, आणि त्या ते त्याला सांगतही असत. सासूबाई शेजारणीला म्हणायच्या, सून आणली म्हणून आणली, निघाला गजर.

तर अशा बाईंना वरून हुकूम आला की टाकीखात्यात वेळ वाया जातो का ते बघा. टाकीखात्यात होते टाकीकाका. तेल आणि मेण मोठ्या टाकीत गरम करायचं, एकजीव झालं की थंड करत करत ढवळायचं, आणि डबे भरायचे, हे काम काका सव्वीस वर्षं करत होते. बाई नऊ दिवस खांबाआड उभ्या राहिल्या. नऊही दिवस त्यांना एकच दिसलं. माल अर्धा थंड झाला की काका ढवळणीचं बटण बंद करत, टाकीच्या झाकणावर चहाने भरलेला एक कप ठेवत, दुसरा कप घेऊन बाहेरच्या पायरीवर दारातून आत तोंड करून बसत, आणि वीसेक मिनिटं तशीच घालवून मग पुन्हा बटण दाबत. दोन-दोन कप चहा. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी अहवाल लिहिला, ढवळणी अखंड ठेवावी, खाद्यपेय आत आणू नये, दर खेपेला वीस मिनिटं वाचतील.

अहवालाचं कौतुक झालं. भिंतीवर पितळी पाटी लागली, तिच्यावर बाईंचं नाव. त्यांना संशोधन विभागाचं प्रमुख केलं. काकांना गेटवर पहारेकरी म्हणून बसवलं, म्हणजे बसलेल्या माणसाला उठवून दुसरीकडे बसवलं. तेव्हापासून काका रोज त्यांना सलाम ठोकत, नियमाप्रमाणे पर्स उघडायला लावत, आत चष्म्याची डबी आणि किल्ल्या बघत आणि म्हणत, “जा.” याव्यतिरिक्त साडेतीन वर्षांत दोघांत एक शब्द झाला नाही.

प्रमुख झाल्यावर बाईंचं घड्याळ गळ्यात राहिलं, हातातून मात्र गेलं. त्या मीटिंगांना जाऊ लागल्या. त्याच महिन्यात जुनी नळी फुटली, परदेशी नळी आली, आणि तिचे सेकंद वेगळे म्हणून जुन्या आकड्यांशी तुलना करायची नाही असं ठरलं. जुन्या मालाच्या राखून ठेवलेल्या बाटल्या दोन वर्षांनी ओतून दिल्या, तसा नियमच होता. आता तपासणी खातं बारा सेकंदांच्या आत फेस बसला की ‘पास’चा शिक्का मारायचं, आणि बारा सेकंद कुठून आले हे कुणी विचारत नव्हतं.

बाईंच्या हाताखाली तीन माणसं. एक डॉक्टर. औषध देणारा नव्हे, फेसावर प्रबंध लिहून झालेला, आणि आपण औषधवाले डॉक्टर नाही हे त्याला बोलता बोलता सांगावं लागायचं. दुसरी नोंदवही, सगळं लिहून ठेवणारी मुलगी, प्रयोगाच्या वेळी कुणी शिंकलं तरी वेळेसकट लिहायची. तिसऱ्या बाटलीमावशी. काचेची भांडी धुवायच्या आणि विभागात खरं बोलायच्या, दोन्ही कामं त्यांच्याकडेच होती.

एक दिवस विक्रीवाला धापा टाकत आला. कागद गिरणीच्या कोठारात, कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेला एक डबा त्याने बघितला होता. लेबल फाटलेलं. गिरणीचा फोरमन पाठमोरा झाला तसा त्याने त्यातला माल पाण्याच्या बाटलीत भरून आणला. नळीत टाकला. चार सेकंद. आपला टाकला. अकरा.

मोठ्या साहेबांनी बाटली उजेडात धरली आणि जाहीर केलं, हा शत्रू. बाजारात नवा प्रतिस्पर्धी उतरला आहे. तीन महिन्यांत या मालाची बरोबरी करा, नाहीतर विभाग बंद, फॉर्म्युला बाहेरून विकत घेऊ, चौघांनी घरी बसावं.

बाटली तिजोरीत गेली. काढायला दोन सह्या लागत. साहेबांनी तिचा फोटो मोठा करून मीटिंगच्या खोलीत लावला, म्हणजे रोज सकाळी सगळ्यांनी बघून इरेला पेटावं. बाटलीमावशी जाता येता तिला नमस्कार करू लागल्या. कुणी हटकलं तर म्हणत, आपलं सगळ्यांचं पोट हिच्या हातात आहे, नमस्काराला काय पैसे पडतात?

प्रतिस्पर्धी आठवड्या-आठवड्याने वाढत गेला. आधी विक्रीवाला म्हणाला, त्यांच्याकडे पाच शास्त्रज्ञ आहेत. पुढच्या आठवड्यात साहेबांनी पक्की बातमी आणली की साठ आहेत. मग कळलं की प्रयोगशाळा जमिनीखाली आहे. तीन मजले. कारखान्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि नाव लपवता येतं म्हणजे केवढे मोठे असतील बघा, असं साहेब म्हणाले.

इकडे डॉक्टरच्या तोंडाला फेस आला, आणि तो मारायला काही उपाय नव्हता. त्याने एकशे चौदा प्रयोग केले. मेण बदललं, तेल बदललं, परत जुनं आणलं. शत्रूचा थेंब न् थेंब तपासला. शेवटी मान खाली घालून त्याने सांगितलं की यात जे आहे ते सगळं आपल्यातही आहे, तेवढंच आहे, तरी तो आपला बाप आहे. नोंदवहीने ते वाक्य लिहून घेतलं. साहेबांनी अर्थ काढला की त्यांनी आपला फॉर्म्युला चोरला आणि वर काहीतरी केलं. ते ‘काहीतरी’ जाणणारा माणूस फोडा, त्यांनी हुकूम सोडला. तो मागेल ते देऊ. मागेल त्या पदावर घेऊ.

मुदतीचे नऊ दिवस उरले तेव्हा बाई स्वतः गिरणीत गेल्या. विक्रीवाल्यासारखी चोरी नाही, सरळ फोरमनसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, गोणपाटाखाली काय आहे ते दाखवा. फोरमन आधी कावराबावरा झाला. मग त्याने डबा ओढून पुढे आणला. लेबल अर्धं फाटलेलं, पण खालचा कोपरा शाबूत. त्यावर चार वर्षांपूर्वीची तारीख, आणि ‘तपासले’च्या पुढे बाईंची स्वतःची सही.

“तुमचाच माल आहे की,” फोरमन म्हणाला. “जुना. नव्यात काही दम नाही, म्हणून हा जपून ठेवलाय. मशीन फारच फेसाळलं की यातला तांब्याभर घालतो. कुणाला सांगू नका, मागायला येतील.”

परत येताना गाडीत बाईंनी हिशेब मांडला. साठ शास्त्रज्ञ, तीन मजले जमिनीखाली, आणि खाली सही आपली. चार वर्षांत मालात बदललं होतं एकच. ते बदलल्याबद्दल भिंतीवर पितळी पाटी होती. खरं सांगावं तर पाटी जाणार, पद जाणार, आणि नऊ दिवस खांबाआड उभं राहून आपण कारखान्याचा जीव काढून घेतला हे चारचौघांत कबूल करावं लागणार. मूग गिळून बसावं तर डॉक्टर, नोंदवही, मावशी रस्त्यावर. मावशींचा मुलगा अजून शिकत होता. डॉक्टरला दुसरीकडे कोण घेणार, तो आपण औषधवाले नाही हे तिथेही सांगेल.

घरी त्या दूध तापवायला उभ्या राहिल्या. गॅस बंद केला तरी विचारात चमचा फिरवत राहिल्या. सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, “ढवळत बसलीस तर साय कुठून धरेल? ठेव ते आणि बाजूला हो. काही गोष्टी आपण हात काढला की होतात.”

बाईंनी चमचा ठेवला. स्टॉपवॉच लावलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या एका पातेल्यासमोर काही न करता बसल्या. सासूबाईंनी मुलाला हाक मारून सांगितलं, बघ रे, हिला बरं नाही, वाटतं.

दुसऱ्या दिवशी गेटवर काकांनी सलाम ठोकला, पर्स बघितली आणि म्हणाले, “जा.” बाई गेल्या नाहीत. मागे माणसांची रांग लागली.

“काका, झाकणावर कप कशासाठी ठेवत होतात?”

काकांनी रांगेतल्या पुढच्याची पिशवी तपासली. त्याच्या पुढच्याचीही तपासली. मग म्हणाले, “नऊ दिवस घड्याळ लावून बघत होतात. खांबाआडून पदर दिसायचा तुमचा. एकदा तरी पुढे येऊन विचारलंत, काका, काय बघताय?”

“आता विचारते. काय बघत होतात?”

मग त्यांनी सांगितलं. माल थंड होताना त्यावर मेणाची साय धरते. ती धरू द्यायची, मग ढवळून आत जिरवायची, तर फेसाचा मुडदा पडतो. सतत ढवळलं तर साय धरतच नाही. पण साय धरली का हे बघायला झाकण उघडलं की वाफ तोंडावर येते आणि चष्मा आंधळा होतो. म्हणून झाकणावर दुधाच्या चहाचा कप. खाली टाकी निवते तसा वर कप निवतो. कपातल्या सायीला सुरकुती पडली की टाकीतली साय तयार. थंडीत सतरा मिनिटं, उन्हाळ्यात एकतीस. वीस हा आकडा बाईंचा, काकांचा नव्हे.

बाईंनी विचारलं, हे तेव्हा का नाही सांगितलं. काका म्हणाले, सांगायला आलो होतो. तुमच्या दाराबाहेर बसवून ठेवलं, आणि मग शिपाई म्हणाला, इथे बसायचं नाही.

परत टाकीवर याल का, म्हटल्यावर त्यांनी टोपी सारखी केली. “टाइमपास म्हणून काढलंत. काम म्हणून लिहा, मग येतो. मागच्या दाराने यायला मी मांजर नाही.”

त्याच दिवशी बाईंनी वर कळवलं की प्रतिस्पर्ध्याचा माणूस मिळाला, उद्या अकराला आणते. मीटिंगच्या खोलीत नवी खुर्ची आली. फुलं आली. साहेबांनी टाय बदलला. अकराला दार उघडलं आणि गणवेश घातलेले काका आत आले. साहेबांनी त्यांना सांगितलं, खाली पाहुणे आले असतील, त्यांना मानाने वर घेऊन या.

“आलोय,” काका म्हणाले, आणि नव्या खुर्चीत बसले.

बाई उभ्या राहिल्या. डबा, लेबल, सही, अहवाल, कप, सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. त्रेसष्ट सेकंद लागले, नोंदवहीने मोजले. साहेबांनी शत्रूच्या फोटोकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं ते एवढंच, की मग जमिनीखालचे तीन मजले कुणाचे?

तुम्हाला वाटेल, संपलं. शहाणपण सुचायला कमिटी लागते. कमिटी म्हणाली, कप कशाला, टायमर लावा, वीस मिनिटं ढवळणी बंद राहील. लावला. नऊ सेकंद. मग रिकामा कप ठेवून बघितला. मग पाण्याचा. डॉक्टरने चहासारखं निवणारं एक द्रव दोन दिवस खपून बनवलं, ते कप फोडून बाहेर आलं. नोंदवहीला खऱ्या चहाच्या कपासमोर बसवलं, तर शेजारी तीन अधिकारी उभे. बंद पडलेल्या यंत्रासमोर बसायची तिला इतकी लाज वाटली, की सहाव्या मिनिटाला तिचा हात आपोआप बटणावर गेला. डॉक्टरचा चौथ्याच मिनिटाला गेला. बंद यंत्राजवळ न घाबरता बसू शकणारा माणूस सगळ्या कारखान्यात एकच होता, आणि तो गेटवर पिशव्या बघत होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी चहा मंजूर झाला. उपकरण म्हणून. कपाला नोंदणी क्रमांक मिळाला, कानाला तपासणीचं स्टिकर लागलं. चहासाठी सुरक्षा पत्रक निघालं. डोळ्यात गेल्यास भरपूर पाण्याने धुवा, त्वचेवर सांडल्यास कपडे सैल करा, पोटात गेल्यास वरिष्ठांना कळवा. काकांना सन्मानाने बोलावलं. त्यांनी माल तापवला, निववला, बटण बंद केलं, कप झाकणावर ठेवला. मग खिशातून स्वतःचा दुसरा कप काढला, थर्मास उघडला आणि बाहेरच्या पायरीकडे निघाले.

सुरक्षा अधिकारी आडवा आला. मंजुरी एका कपाची आहे, तो म्हणाला. टाकीला चहा मंजूर आहे, माणसाला नाही. आणि खाली बसण्याचाही कागदात कुठे उल्लेख नाही.

काकांनी वाद घातला नाही. थर्मासचं झाकण लावलं. “मग टाकीलाच सांगा, कप बघ म्हणून,” ते म्हणाले, आणि गेटच्या दिशेने चालू लागले.

आत माल निवत होता. झाकणावरच्या कपात साय धरायला लागली होती. साहेब अधिकाऱ्याकडे बघत, अधिकारी कमिटीकडे बघत, कमिटी कागदाकडे बघत. संध्याकाळी नळीत अकरा सेकंद आले असते तर चौघांना सकाळी गेट बंद होतं. बाटलीमावशी दारातून म्हणाल्या, बाई, आता घड्याळ नका बघू, पेन बघा.

सेकंदबाईंनी कामाच्या पायऱ्यांचा कागद फळीवरून ओढला. चौदावी पायरी होती ‘ढवळणी बंद, कप झाकणावर’. तिच्याखाली त्यांनी हाताने लिहिलं, ‘पायरी पंधरा. कामगाराने बाहेर पायरीवर बसून स्वतःचा चहा पिणे. हे काम आहे.’ बदलाचं कारण लिहायला शेजारी रकाना होता. त्यात लिहिलं, ‘माझा साडेतीन वर्षांपूर्वीचा अहवाल चुकीचा होता. मी बघितलं, विचारलं नाही.’ खाली सही ठोकली. तीच डब्यावरची सही. कागद अधिकाऱ्याच्या छातीवर दाबला आणि गेटकडे धावत सुटल्या. बावीस वर्षांत त्यांना धावताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि किती सेकंदांत पोचल्या ते मोजायला त्याही थांबल्या नाहीत.

काका आले. कागद वाचला, दोनदा. पायरीवर बसले. “तुम्ही पण बसा,” म्हणाले. बाई बसल्या. मागे तेरा माणसं उभी, पोटात कळ आल्यासारखी. सात मिनिटं झाली. अकरा झाली. साहेबांचा हात दोनदा बटणाकडे गेला आणि दोनदा मावशींनी त्यांच्या हातात पुसायचं फडकं दिलं. मग कपातल्या सायीला बारीक सुरकुती पडली. काकांनी उरलेला घोट संपवला, कप खिशात घातला, उठून बटण दाबलं.

संध्याकाळी नळीत चार सेकंद. डॉक्टरने पाच वेळा करून बघितलं. शत्रूचा फोटो काढून टाकला तेव्हा मावशींना थोडं वाईट वाटलं.

बाईंचं प्रमुखपद गेलं. डॉक्टर प्रमुख झाला आणि आता तो मीटिंगांना जातो. बाई परत नळीजवळ आल्या, घड्याळ गळ्यातून हातात. पितळी पाटी त्यांनी स्वतः भिंतीवरून उतरवली. ती काकांना देऊन टाकली, कारण टाकीचं झाकण उतरतं आहे आणि कप घसरायचा. आता पाटी कपाखाली असते, नाव वरच्या बाजूला. चहा सांडून सांडून अर्धं पुसलं गेलंय. रोज माल निवायला लागला की बाई पायरीवर येऊन बसतात. काका दुसरा कप पुढे करतात. सुरक्षा अधिकारी लांबून बघतो आणि त्याच्या पोटात दुखतं.

गोष्ट एवढीच. माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. उद्या तुमच्या कारखान्यात, ऑफिसात, नाहीतर तुमच्याच स्वयंपाकघरात कुणी बसलेलं दिसलं, तर खांबाआडून मोजत राहू नका. पुढे जा, त्याच्या शेजारी टेका, आणि विचारा, काय बघताय?